डुम कुठे पडतो? बेली डान्ससाठी गाणं निवडताना

आमचा वर्ग जळगावात एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, फक्त बायकांचा. नवी मुलगी आली की आठवडाभरात तिचा मोबाइल माझ्यासमोर येतो. "ताई, यावर बसवू या ना काहीतरी." 'अरेबिक बेली डान्स' असं टाइप केल्यावर सगळ्यात वर आलेलं गाणं असतं ते बहुतेकदा. सुरुवातीला बासरीसारखं काहीतरी, मग क्लबातला धडधडता बेस, मधूनच एक बाई 'या हबीबी' म्हणून जाते. गाडीत ऐकायला झकास. पण नाचायला उभं राहिलं की दोन मिनिटांत हालचाली संपतात आणि मुलगी माझ्या तोंडाकडे बघायला लागते.

गाणं वाईट नसतं. नाचणारीला त्यात धरायला काही नसतं, एवढंच. धरायला काय असावं लागतं, ते कळलं की निवड निम्मी झाली.

आधी थोडं नावाबद्दल, कारण गाणं शोधताना नावच आडवं येतं. 'बेली डान्स' हे या नाचाचं मूळ नाव नव्हेच. फ्रेंच लोक त्याला 'पोटाचा नाच' म्हणायचे, त्याचं इंग्रजी झालं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर ते सगळीकडे पसरलं. इजिप्तमध्ये स्टेजवरच्या रूपाला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. घरात, लग्नात, गल्लीत बायका नाचतात तो रक्स बलदी. या 'बलदी'ला आपल्याकडे अगदी फिट्ट बसणारा शब्द आहे: गावरान. कैरोत रोजच्या खाण्यातल्या रोटीलाही ऐश बलदीच म्हणतात.

या गावरान नाचाला मोठं स्टेज मिळालं ते कैरोच्या क्लबांमध्ये. बदिया मसाबनी यांनी १९२६ साली तिथे आपला क्लब काढला. तहिया कारिओका, सामिया गमाल या पुढे गाजलेल्या नर्तकी त्यांच्याच ताफ्यातल्या. स्टेज आलं तसा मागे भरगच्च वाद्यवृंदही आला. आणि वाद्यं वाढली तशी कामंही वाटली गेली. दरबुका (पेल्याच्या आकाराचा, हातांनी वाजवायचा ढोल) वाजला की कंबर. व्हायोलिन किंवा नाय (बासरीचीच बहीण, फक्त टोकाकडून फुंकायची) लांब सूर धरते तेव्हा हात आणि धड. कानून म्हणजे आपल्या स्वरमंडळासारखं आडवं ठेवून छेडायचं तंतुवाद्य. त्याच्या तारा झरझर वाजल्या की शिमी, म्हणजे अंगभर बारीक थरथर. आता त्या क्लब रिमिक्सकडे बघा. एकच मशीनचा ठोका, पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत. कंबरेला काम, बाकी अंग बेकार.

शोधताना एक गंमत होते. इजिप्तमध्ये दरबुक्याला 'तबला' म्हणतात. 'तबला सोलो' असं शोधलंत तर कधी आपल्या उस्तादांचा तीनताल हाती लागतो, कधी कैरोचा दरबुका. 'दरबुका' किंवा 'ड्रम सोलो' असं शोधलेलं बरं.

ठेका: सगळा खेळ इथे आहे

दरबुक्याचे मुख्य बोल दोन. कातड्याच्या मधोमध मारलेला जाड, खोल आवाज म्हणजे डुम. कडेवर मारलेला टणटणीत आवाज म्हणजे तक. बाकी सगळी त्यांच्यामधली भरणी.

सगळ्यात जास्त भेटणारा ठेका मकसूम. तो असा:

डुम तक – तक डुम – तक –

आठ बारीक मात्रा. आडवी रेघ आहे तिथे हात थांबतो, मात्रा चालूच राहते. आता तुम्ही म्हणाल, आठ म्हणजे आपला केहेरवाच की. मलाही पहिली काही वर्षं असंच वाटायचं, आणि तिथेच घोटाळा होता. केहेरवा म्हणजे धा गे ना ती न क धी न. पहिल्या मात्रेवर टाळी, पाचव्यावर 'खाली', म्हणजे हलकी जागा. डग्गा तिथे गप्प बसतो. मकसूममध्ये नेमका पाचव्या मात्रेवर दुसरा डुम पडतो. आपला कान ज्या जागी हलका व्हायला शिकलाय, त्याच जागी हा ठेका जड होतो.

हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, अमळनेरच्या एका काकूंनी दाखवलं. वय बावन्न, बायकांच्या भजनी मंडळात ढोलक वाजवणाऱ्या. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी 'काहीतरी हालचाल करा' सांगितलं आणि सुनेने त्यांना माझ्याकडे आणून सोडलं. पहिल्या दिवशी नाचल्याच नाहीत. भिंतीला टेकून बसल्या, पाण्याच्या स्टीलच्या बाटलीवर बोटं चालवत राहिल्या आणि गाणं संपल्यावर म्हणाल्या, "ताई, आपला ठेकामा पाचवले हात हलका पडस. आठे ते जड पडस!" ('आठे' म्हणजे इथे.) बाकीच्या मुली महिनाभर पाचव्या मात्रेवर कंबर वर उचलत होत्या आणि मी 'खाली, खाली' म्हणून ओरडत होते. काकूंना आधी ऐकू आलं, मग कंबर आपोआप तिथे पडली.

मकसूम कानात बसला की पुढचं सोपं आहे, कारण त्याच साच्यात एकेक बोल बदलतो. दुसऱ्या मात्रेवरचा तक काढून डुम ठेवा, झाला बलदी:

डुम डुम – तक डुम – तक –

सुरुवातीलाच दोन जाड ठोके. चाल जमिनीला धरून, गुडघे सैल, घाई नाही. गावरान म्हटलं ते यासाठीच.

दुसरी मात्रा परत तक करा आणि चौथ्यावर डुम ठेवा, झाला सईदी:

डुम तक – डुम डुम – तक –

मधोमध लागोपाठ दोन डुम. सईद म्हणजे इजिप्तचा दक्षिणेकडचा, शेतकऱ्यांचा मुलूख. तिथे पुरुष काठ्यांचा तहतीब खेळतात. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याची वारसा यादीत नोंद घेतली. बायकांचा काठीनाच त्याच्याच लाडिक नकलेतून आलेला. सईदी गाण्यात बरेचदा मिझमार असतं, आपल्या सनईच्या कुळातलं, पण आवाज तिच्यापेक्षा करकरीत आणि दांडगा. खान्देशातल्या प्रेक्षकाला हा ठेका सगळ्यात लवकर आवडतो. सनई आणि लाठी, दोन्ही त्याच्या घरचं.

मलफूफ छोटा आहे: डुम – – तक – – तक –. तीन, तीन, दोन. 'मलफूफ' म्हणजे गुंडाळलेलं. अरबीत कोबीच्या गड्ड्यालाही हाच शब्द. पळता ठेका आहे, स्टेजवर येताना आणि जाताना उपयोगी. यावर एका जागी उभं राहून नाचलात तर तुम्हीच दमाल. आणखी एक, अय्यूब: डुम – – तक डुम – तक –. हा इजिप्त-सुदानकडच्या झार नावाच्या विधीत वाजतो, अंगातलं भूत शांत करण्यासाठी. देवीच्या ठेक्यावर अंगात आलेली बाई ज्यांनी पाहिलीय, त्यांना अय्यूबचा जोर लगेच कळेल. तेवढ्याचसाठी हसत, डोळे मिचकावत त्यावर नाचू नये, असं माझं मत. तुर्की संगीतात दोन-दोन-दोन-तीन असे नऊ मात्रांचे ठेके येतात. सुंदर आहेत, पण पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

गाणं पारखायची माझी पद्धत सांगते. स्टीलचा डबा घ्या, गाणं लावा, आणि फक्त डुम वाजवा. बाकी काही नाही. अर्ध्या मिनिटात डुम हाताला लागला तर गाणं ठेवा. तीन वेळा ऐकूनही लागत नसेल, तर एक तर रेकॉर्डिंग गढूळ आहे, किंवा ते गाणं आज तुमच्यासाठी नाही.

वर्गातलं गाणं कंटाळवाणंच हवं

हे ऐकून मुली नाराज होतात. पण शिकताना गाणं जितकं नटवं, तितकं अंग गोंधळतं. सरावासाठी मी नुसत्या वाद्यांचं, किंबहुना नुसत्या तालवाद्यांचं संगीत लावते. एकच ठेका, पाच-सहा मिनिटं, मध्ये वळण नाही. तोच ट्रॅक महिनाभर. तिसऱ्या आठवड्यात मुली ट्रॅकला शिव्या द्यायला लागतात. म्हणजे तो कानात मुरला.

वेग मोबाइलवरच्या टॅप टेम्पो ॲपने मोजता येतो. नव्या मुलींसाठी मी मिनिटाला साधारण ९० ते १०० ठोक्यांच्या आसपास राहते, सरावलेल्यांना १२० च्या पुढे नेते. सॉफ्टवेअरने गाणं हळू करता येतं, सूर न उतरवता. पण दहा टक्क्यांहून जास्त हळू केलं की 'तक'ची धार जाते, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा वाजतो. त्यापेक्षा मुळात हळू असलेलं दुसरं गाणं शोधा.

शेवटची दहा मिनिटं मात्र मी खरं, पूर्ण गाणं लावते आणि काही शिकवत नाही. हवं तसं नाचा. त्यात कधी हिंदी गाणीही चालतात. केहेरव्यावर कंबर हलवायला कुणाची बंदी नाही, फक्त त्याला मकसूम समजू नका.

आणि कूलर. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या आसपास, दोन कूलर लावल्याशिवाय कुणी हॉलमध्ये पाय ठेवत नाही. त्यांच्या घरघरीत नाय आणि रिक (खंजिरीसारखं झांजा लावलेलं वाद्य) पार वाहून जातात. स्पीकरचा आवाज वाढवून उपयोग होत नाही, कानच किटतात. म्हणून माझी उन्हाळ्याची यादीच वेगळी आहे: तक ठसठशीत, नाजूक भाग कमी. नायवरचे हळवे तुकडे डिसेंबरसाठी राखून ठेवलेले.

शब्द कळत नाहीत? मग विचारा

ही माझी स्वतःची चूक. सुरुवातीच्या काळात एक अतिशय गोड चालीचं गाणं मी हळदीच्या कार्यक्रमासाठी बसवत होते. दार उघडं होतं. आमच्या गल्लीतले एक चाचा, बारा-तेरा वर्षं कुवेतला ड्रायव्हर होते, दारापाशी थबकले. ओशाळून म्हणाले, "बेटा, इस में तो रसूल का नाम है." मी प्रार्थनागीतावर हिप ड्रॉप, म्हणजे कंबर झटक्यात खाली टाकणं, शिकवत होते. आपल्या आरतीवर कुणी परदेशी बाई असं करताना दिसली असती तर मला कसं वाटलं असतं!

तेव्हापासून नियम केला: शब्द असलेलं गाणं अर्थ कळल्याशिवाय घ्यायचं नाही. अरबी गाण्यांचे अर्थ इंटरनेटवर मिळतात, आणि आखातात राहून आलेली माणसं जळगाव, भुसावळ, धुळ्यात थोडी का आहेत? धार्मिक गाणी, अजान, शहिदांची गाणी, शोकगीतं बाजूला. शाबी म्हणजे कैरोच्या वस्त्यांमधली गाणी. त्यांत मस्ती भरपूर, पण काहींचे शब्द सासूबाईंसमोर अर्थ सांगता येणार नाही असे. अर्थ कळला तर चेहऱ्याचंही काम होतं. विरहाच्या ओळीवर बत्तीशी दाखवून नाचणारी बाई बघवत नाही.

इजिप्तच्या थोर गायिका उम्म कुलसूम यांच्याबद्दल विचारणा होतेच. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांची मैफल रेडिओवर लागायची आणि अरब जगातले रस्ते ओस पडायचे, असं सांगतात. १९७५ साली त्या गेल्या. त्यांचं एकेक गाणं तासभराचं. तीच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळ्या वळणाने. ठुमरी ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. 'इन्ता उमरी' हे १९६४ चं गाणं, चाल मोहम्मद अब्देल वहाब यांची. त्याच्या सुरुवातीच्या वाद्यांच्या भागावर जगभर नर्तकी नाचतात, आणि छोटी वाद्यवृंदी रेकॉर्डिंगंही मिळतात. पण पहिल्याच कार्यक्रमाला याला हात घालू नये. गाणं मोठं, आपण लहान दिसतो.

आणि हो, 'ताई, हे बेसूर वाटतंय' असं कुणी म्हटलं तर गाणं बदलू नका. अरबी मकामांमध्ये (आपल्या रागांसारखे स्वरांचे साचे) आपल्या पेटीच्या पट्ट्यांमधल्या फटीतले सूर असतात. बयाती मकामाचा दुसरा सूर कोमल रे आणि शुद्ध रे यांच्या मधोमध कुठेतरी बसतो. पेटीवर तो वाजणारच नाही. दोन आठवडे ऐकलं की कान सरावतो. ज्यांना अगदीच जड जातं त्यांना हिजाझ मकामातलं गाणं द्यावं. त्याची सुरुवातीची स्वरावली आपल्या भैरवाच्या अंगाची आहे, लगेच ओळखीची वाटते.

स्टेजसाठी: क्रम आणि कात्री

तमाशात गण, गवळण, बतावणी, मग वग असा क्रम असतो आणि प्रेक्षकाला तो माहीत असतो. रक्स शर्कीतही स्टेजसाठी रचलेल्या प्रवेशाच्या तुकड्यांना असाच क्रम असतो. आधी दिमाखदार सुरुवात, बहुधा मलफूफवर. नाचणारी स्टेजभर फिरून सगळ्यांना तोंड दाखवते. मग मकसूमवर मुख्य चाल. मध्येच ठेका थांबतो आणि एखादं वाद्य एकटंच बोलतं. त्याला तकसीम म्हणतात. आपला आलापच म्हणा. मग एखादा लोकढंगाचा भाग, सईदी वगैरे, आणि शेवटी पुन्हा वेग. असा तुकडा आठ-दहा मिनिटांचा असू शकतो. महिला दिनाच्या कार्यक्रमात, जिथे तुमच्या आधी संगीत खुर्ची आणि नंतर भाषण आहे, तिथे चार मिनिटं पुष्कळ झाली.

म्हणजे कात्री आली. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. गोष्ट एवढीच सांभाळायची: अरबी चालीत ओळ सहसा दोनदा येते, कधी चारदा. कापायचं तर अख्खी पुनरावृत्ती उचलून काढा, अर्धी ओळ नको. आणि दोन्ही बाजूंचा काप डुमच्या अगदी आधी घ्या. डुमच्या दणक्यात सांधा लपतो. मधल्या रेघेवर कापलं तर आंधळ्यालाही कळतं. जोडल्यावर परत तो डबा घेऊन बसा. सांध्यावर हात अडखळला तर स्टेजवर पाय अडखळणार.

शेवट विरत जाणारं गाणं स्टेजसाठी घेऊ नका. आवाज बारीक होत जातो, मुलगी हात वर करून उभी, आणि टाळ्या कधी वाजवायच्या हे कुणालाच कळत नाही. खणकन एका 'तक'वर थांबणारं गाणं हवं. दरबुक्याचे सोलो या बाबतीत गुणी असतात.

हक्कांचं थोडक्यात. मोबाइलवरच्या संगीत ॲपचं वर्गणीदार असणं म्हणजे स्वतः ऐकायची परवानगी. तिकीट लावलेल्या कार्यक्रमात तेच गाणं वाजवायची नव्हे. त्यासाठी शब्द आणि चालीकरता आयपीआरएस, ध्वनिमुद्रणाकरता पीपीएल अशा संस्था परवाने देतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीला आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे, म्हणून हळदीला प्रश्न येत नाही. 'जुनं गाणं आहे, चालतं' हे मात्र अर्धसत्य. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, पण चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अब्देल वहाब १९९१ मध्ये वारले. त्यांची चाल अजून मोकळी झालेली नाही.

राहता राहिले साउंडवाले भाऊ. गाणं दोन पेनड्राइव्हवर, नावाआधी क्रमांक टाकून, आणि सुरुवातीला दोन सेकंदांची शांतता ठेवून द्यावं. मोबाइलवरून वाजवणार असाल तर तो फ्लाइट मोडवर. माझ्या एका विद्यार्थिनीच्या तकसीममध्ये तिच्या मामांचा फोन वाजला होता. खरी अडचण बेसची. आपल्याकडचे सेट वरातीसाठी बांधलेले असतात, बेस कायम वर चढवलेला. त्यात डुमचा नुसता भोंगळ घुमारा होतो आणि तक बुडतो. मागच्या मार्चमध्ये मी साउंडवाल्या भाऊंना बेस उतरवायला सांगितलं, तर ते म्हणाले, "ताई, बेस कमी केला तर लोक म्हणतील सिस्टम हलकी आणली."

वाद घातला नाही. सईदीचा ट्रॅक लावायला सांगितला आणि काकूंना त्यांच्या शेजारी उभं केलं. काकूंनी टेबलावर ते मधले दोन डुम वाजवून दाखवले. "भाऊ, हाई दोन ऐकू येतस का तुले?" भाऊंनी कान दिला, मान हलवली, पुन्हा कान दिला. मग स्वतःच हात पुढे करून बेसचं बटण फिरवत गेले आणि दोन्ही डुम वेगवेगळे ऐकू आल्यावर थांबले. त्या जागी त्यांनी पेनाने एक बारीक खूण करून ठेवली.